नाबोथाचा मळा आणि आपला कार्बनचा हिशेब

(सृष्टीच्या काळानिमित्त भरलेल्या हितचिंतकांच्या मेळाव्यात मिशनच्या एका प्रापंचिक कार्यकर्त्याने केलेले भाषण)



दरवर्षी या मेळाव्यात मी वसतिगृहातल्या मुलामुलींची खुशाली सांगतो, दवाखान्याचा आणि शेतीशाळेचा अहवाल देतो आणि शेवटी तुमचे आभार मानतो. आज आभार आधीच मानून टाकतो. कारण आज मला एका चुकीबद्दल आणि एका पत्राबद्दल बोलायचे आहे. चूक माझी आहे. पत्राचे उत्तर मात्र आपण सर्वांनी मिळून द्यायचे आहे.

पत्र असे आहे. एका मध्यस्थ कंपनीने मिशनला कळवले आहे की, आपण ज्या तीन पाड्यांत काम करतो त्यांच्या वरच्या उतारावर झाडे लावू द्या. त्या झाडांत जो कार्बन साठेल तो आम्ही तीस वर्षे मोजू, विकू आणि मिशनला हेक्टरी पैसे देऊ. त्या पैशात मुलींच्या वसतिगृहाचे नवे छप्पर सहज होईल. जुने छप्पर किती गळते हे तुम्हांला ठाऊक आहे, कारण मागच्या पावसाळ्यात ताडपत्रीचे पैसे तुम्हीच दिले होते.

योगायोगाने त्याच महिन्यात आपल्यातल्याच काही कुटुंबांनी सुचवले की, सृष्टीच्या काळात प्रत्येक घराने मिशनच्या डोंगरावर दहा झाडांचे पैसे द्यावेत, म्हणजे आपल्या घराचा कार्बनचा हिशेब चुकता होईल. या सूचनेमागचे मन चांगले आहे, यात मला शंका नाही. तरीही मिशनच्या समितीने मला विचारले तेव्हा मी म्हणालो, थोडे थांबा. का थांबा, ते आज सांगतो.

त्याआधी, मघाशी चहाच्या वेळी कानांवर आलेल्या तीन गोष्टींना उत्तर द्यायला हवे. या विषयावर घराघरांत आणि मोबाइलवर वाद चालतो. तो वाद नीट समजला नाही तर पत्राचे उत्तर चुकेल.

एक काका म्हणाले, "कार्बन डायऑक्साइड हे प्रदूषण कसले? आपण तोच श्वासातून सोडतो, झाडे तोच खातात. हे सगळे राजकारण आहे." काकांचे निम्मे बरोबर आहे. या वायूला रंग नाही, वास नाही, झाडे त्यावरच वाढतात. अमेरिकेत तर हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००७ साली तिथल्या न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की, हवा स्वच्छ राखण्याच्या कायद्यात हे वायूही मोडतात. म्हणजे न्यायाधीशांचेसुद्धा एकमत नव्हते.

मी कायदेपंडित नाही. मला हे समजले ते डहाणूच्या धुराड्याकडे पाहून. डहाणूचे औष्णिक वीज केंद्र तुम्ही रेल्वेतून जाताना पाहिले असेल. गेली तीसेक वर्षे तिथे कोळसा जाळून ५०० मेगावॅट वीज होते आणि ती मुंबईच्या उपनगरांना जाते. डहाणू तालुका केंद्र सरकारने १९९१ साली पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला होता. पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशानंतर न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण नेमले गेले. स्थानिक लोकांनी आणि पर्यावरण कार्यकर्त्यांनी पाठपुरावा सोडला नाही. अखेर २००७ साली धुरातला गंधकाचा वायू काढून टाकणारी यंत्रणा बसली. गंधकाचा वायू हा छातीला आणि पिकाला इथेच, आजच अपाय करणारा. तो अडवता येतो. पण त्याच धुराड्यातून कार्बन डायऑक्साइड त्यानंतरही बाहेर पडत राहिला, कारण ती यंत्रणा त्याला अडवत नाही. तो डहाणूच्या माणसाला खोकला आणत नाही. तो जगाच्या हवेत मिसळतो, त्यातला मोठा वाटा शेकडो वर्षे तिथेच राहतो आणि पृथ्वीची उष्णता बाहेर जाऊ देत नाही.

प्रश्न प्रमाणाचा आहे. मीठ विष नाही, पण कालवणात मूठभर जास्त पडले तर ते कोणी खाऊ शकत नाही. कारखाने येण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे २८० भाग होते. १९५८ साली हवाईच्या डोंगरावर नियमित मोजणी सुरू झाली तेव्हा ते सुमारे ३१५ होते. आता ते ४२० च्या वर गेले आहेत. पाड्यावरच्या माणसाला हा आकडा ठाऊक नाही. पण कापून ठेवलेल्या भातावर दिवाळीनंतर पाऊस पडला की काय होते, ते त्याला आपल्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. एका पावसाचा दोष कोणी एका वायूवर टाकू नये. पण हवा तापली की ती जास्त बाष्प धरते आणि पाऊस एकदम कोसळतो, एवढे शास्त्र पक्के आहे.

धूर आणि हा वायू वेगळे आहेत, हे लक्षात ठेवायचे आणखी एक कारण आहे. राजकारणात एकाच्या नावाने दुसऱ्याला सूट मिळते. गंधकाच्या वायूची मर्यादा केंद्र सरकारने २०१५ साली देशातल्या सगळ्या कोळशाच्या वीज केंद्रांना घातली होती. मुदत पुढे पुढे ढकलली गेली आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना ती यंत्रणा बसवण्यातून मोकळीक मिळाली. त्या चर्चेत एक मुद्दा असा मांडला गेला की, यंत्रणा चालवायला वीज आणि चुनखडी लागते, त्याने कार्बन वाढेल. म्हणजे पृथ्वीच्या नावाने शेजारच्या गावाने धूर सोसायचा. असा युक्तिवाद ऐकला की आपण एवढेच विचारावे: यात कोणाची छाती पणाला लागली आहे?

दुसरी गोष्ट एका ताईंनी विचारली. "पण आदिवासी राब जाळतात, चुलीत लाकडे घालतात. आधी त्यांना नको का सांगायला?"

ताई, हा प्रश्न मीही पूर्वी विचारत असे. उन्हाळ्याच्या अखेरीस पालापाचोळा, फांद्या, शेण पसरून रोपवाटिकेची जमीन भाजतात, तो राब. त्याचा धूर होतो. राबासाठी झाडांच्या फांद्या छाटतात, तेही खरे. चुलीच्या धुराने तर पाड्यावरच्या बायांच्या छातीची दशा होते. आपल्या दवाखान्यातली सिस्टर हे रोज बघते. म्हणून धूर कमी करायलाच हवा, आणि तो त्या बाईसाठी कमी करायला हवा.

पण हवामानाच्या खात्यात हा कार्बन कोणाच्या नावावर मांडायचा? फांदीतला कार्बन गेल्या दोनचार वर्षांत हवेतूनच आलेला असतो. झाड जिवंत ठेवले तर पुढच्या पावसाळ्यात नवी पालवी तो परत घेते. कोळशातला कार्बन कोट्यवधी वर्षे जमिनीखाली गाडलेला होता. तो एकदा वर आला की परत घालायला जागा नाही. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटच्या अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ मध्येच लिहून ठेवले होते की, जगण्यासाठी होणारा उत्सर्ग आणि चैनीसाठी होणारा उत्सर्ग एकाच तराजूत तोलणे अन्यायाचे आहे.

आणि धुराचेच बोलायचे तर दिवाळीनंतर आपल्या पाड्यांवरून किती कुटुंबे वीटभट्टीवर जातात, हे तुम्हांला माहीत आहे. भिवंडीकडे, वसईकडे, आपल्याच दाराशी. आपल्या इमारतींच्या विटा भाजताना जो धूर होतो तो त्या भट्टीशेजारच्या झोपडीत निजलेले मूल आधी घेते. मुलांची शाळा सुटते ती वेगळीच. तेव्हा धूर कोण करतो आणि धूर कोण खातो, हे दोन प्रश्न एकत्र विचारायला हवेत.

तिसरी गोष्ट एका तरुण मित्राची. तो म्हणाला, "भारत माणशी दोन टन कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि अमेरिका चौदा टन. मग आधी त्यांनी थांबावे." आकडे साधारण बरोबर आहेत. जगाची सरासरी साडेचार टनांच्या वर आहे. १९९२ साली रिओच्या परिषदेत सगळ्या देशांनी मान्य केले की, जबाबदारी सगळ्यांची आहे, पण सारखी नाही. आपले सरकार हा मुद्दा प्रत्येक परिषदेत मांडते आणि तो न्याय्य आहे. २०२१ साली ग्लासगोला कोळसा बंद करण्याऐवजी हळूहळू कमी करण्याचा शब्द भारताच्या आग्रहाने आला. त्याच वेळी २०७० पर्यंत उत्सर्ग शून्यावर आणण्याचे वचनही भारताने दिले.

पण मित्रा, ती दोन टनांची सरासरी कशी निघाली ते पाहू. आपल्या देशात सरासरी एक युनिट वीज तयार होताना सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. महिन्याला तीनशे युनिट वापरणारे घर फक्त विजेपायी वर्षाला अडीच टन सोडते. पाड्यावरच्या घरात दोन दिवे आणि मोबाइलचे चार्जिंग. महिन्याला पंधरा युनिट धरा. वर्षाला सव्वाशे किलो होतात. मुंबईहून लंडनला जाऊन परत येण्याचा विमानप्रवास माणशी एक टनाहून अधिक आहे. आपली बेरीज आणि त्यांची बेरीज एकत्र करून भागाकार केला की दोन टन येतात. ही सरासरी आपल्याला लहान वाटते ती त्यांच्या गरिबीमुळे. ग्रीनपीसने २००७ साली भारताविषयी काढलेल्या अहवालाचे नावच 'गरिबांच्या आड लपणे' अशा अर्थाचे होते. ते वाचून मला राग आला होता. नंतर मी माझे वीजबिल पाहिले.

आता पत्राकडे येतो.

जुन्या करारातली नाबोथाची कथा तुम्हांला माहीत आहे. राजांच्या पहिल्या ग्रंथात, एकविसाव्या अध्यायात ती आहे. इज्रेलमध्ये अहाब राजाच्या वाड्याला लागून नाबोथाचा द्राक्षमळा होता. राजाला तिथे भाजीपाला लावायचा होता. लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात ही कथा ऐकली तेव्हा मला वाटायचे की, अहाबने मळा लुटला. पण कथा पुन्हा वाचा. अहाबने सुरुवातीला लूट केलीच नाही. त्याने रीतसर प्रस्ताव दिला. याच्या बदल्यात याहून चांगला मळा देतो, नाहीतर रोख किंमत देतो. आजच्या कोणत्याही कार्यालयात हा प्रस्ताव उदार म्हणून मंजूर झाला असता. नाबोथ मात्र नाही म्हणाला, कारण ती वाडवडिलांची परमेश्वराने दिलेली वतनभूमी होती. त्याच्या लेखी मळ्याला दुसरा मळा हा बदला होऊ शकत नव्हता. लूट, खोटे साक्षीदार आणि खून हे सगळे त्या नकारानंतर आले.

कार्बनच्या व्यापाराची सगळी इमारत अहाबच्या त्या पहिल्या वाक्यावर उभी आहे: याच्या बदल्यात ते. शास्त्राच्या दृष्टीने एक टन कार्बन डायऑक्साइड जगात कुठेही सारखाच. तो लंडनच्या विमानातून निघाला काय आणि जव्हारच्या सागात साठला काय, बेरीज-वजाबाकी करता येते. पण जंगल टनांनी बनलेले नसते. पाड्याच्या वरच्या उतारावर गुरे चरतात, मोहाची फुले वेचली जातात, पावसाळ्यात रानभाज्या मिळतात, कंद मिळतात, वरी आणि नाचणी पिकते. तिथेच गावदेव असतो आणि माती दिलेली माणसे असतात. टनाचा हिशेब करणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही. त्याला उतारावर किती झाडे मावतील तेवढे दिसते.

हे मी दुसऱ्याकडे बोट दाखवून बोलत नाही. बारा वर्षांपूर्वी मी स्वतः तसाच पाहत होतो.

आपल्या एका पाड्याच्या वर एक उतार होता. मी गेलो ते एप्रिलच्या उन्हात. गवत वाळलेले, एखादे मोहाचे झाड, बाकी माती. मला तो ओसाड वाटला. मी वसतिगृहातली मुले, तुमच्यातले स्वयंसेवक आणि रोपे गोळा केली. पावसाच्या तोंडावर आम्ही त्या उतारावर ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली. ती का? कारण ती लवकर वाढते आणि गुरे तिला तोंड लावत नाहीत. तीन वर्षांनी मी त्या हिरव्या उताराचा फोटो काढून याच त्रैमासिकाला पाठवला. तो मुखपृष्ठावर छापून आला आणि तुमच्यातल्या अनेकांनी मला शाबासकीची पत्रे पाठवली.

तो उतार ओसाड नव्हता. पाच कुटुंबे तिथे आलटूनपालटून नाचणी आणि वरी करत होती. काही वर्षे जमीन पडीक ठेवायची, मग पुन्हा कसायची, ही त्यांची रीत. मी गेलो ते पडीक ठेवलेले वर्ष होते. कोणी मला अडवले नाही. मिशनने मुलांना शिकवले, आजारपणात औषध दिले, मग मिशनच्या माणसाला नाही कसे म्हणायचे? त्यांचे गप्प राहणे ही मी संमती समजलो.

त्या पाच कुटुंबांचे वनहक्काचे दावे तेव्हा चालू होते. २००६ चा वनहक्क कायदा तुम्ही ऐकला असेल. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जो आदिवासी वनजमीन कसत आहे त्याला, जास्तीत जास्त चार हेक्टरपर्यंत, त्या जमिनीचा हक्क हा कायदा देतो. दावा आधी ग्रामसभेत जातो, मग उपविभागीय समितीकडे, मग जिल्हा समितीकडे. पुरावा म्हणून जुने कागद चालतात, वडीलधाऱ्यांचे जबाब चालतात आणि जमिनीवरच्या खुणाही चालतात. बांध, विहीर, स्मशान, जुनी झाडे. मोजणीला माणसे आली तेव्हा त्यांना बांध दिसले नाहीत. बाभळीच्या रांगा दिसल्या. शेरा पडला की इथे शेती नाही, वृक्षलागवड आहे. दावे फेटाळले गेले.

हे मला दोन वर्षे कोणी सांगितलेसुद्धा नाही. एकदा दवाखान्यात नातवाला घेऊन आलेल्या आजीने सहज म्हणून सांगितले. "भाऊ, तुमची झाडं चांगली झाली. आमचे बांध त्यांच्या मुळाखाली आहेत." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपे गेले असते.

नंतर आम्ही अपील केले. गवत काढून बांध उघडे केले, म्हाताऱ्या माणसांचे जबाब पुन्हा लिहून घेतले, मी स्वतः लेखी दिले की ही लागवड मिशनने केली आणि ती चूक होती. दोन कुटुंबांचे दावे मंजूर झाले. तिघांचे अजून अडकलेले आहेत. मुखपृष्ठावरचा तो फोटो मी कपाटात ठेवला आहे, फाडलेला नाही.

म्हणून पत्रात 'पडीक उतार' हे शब्द वाचले तेव्हा मी थांबा म्हणालो.

ही फक्त आपल्या एका डोंगराची गोष्ट नाही. २०१५ च्या पॅरिस कराराच्या वेळी भारताने सांगितले की, २०३० पर्यंत आणखी अडीच ते तीन अब्ज टन कार्बन डायऑक्साइड साठेल एवढे जंगल आणि झाडे वाढवू. चांगले आहे. पण ती झाडे कुठे लावायची? खाण किंवा धरण यांसाठी जंगल तोडले तर बदल्यात दुसरीकडे झाडे लावण्यासाठी २०१६ चा भरपाई वनीकरण निधीचा कायदा आहे. २०२३ पासून ग्रीन क्रेडिटची योजना आली. तिच्या पहिल्या नियमांत झाडामागे एक क्रेडिट होते आणि हेक्टरी निदान अकराशे झाडे सांगितली होती. अकराशे झाडे लावलेल्या हेक्टरात नाचणी कुठे पेरणार? या सगळ्यांना जमीन हवी आहे आणि कागदावर जी जमीन 'निकृष्ट वन' म्हणून रंगवलेली असते, तिच्यावर अनेकदा कोणाची तरी चूल अवलंबून असते.

आपण वसईकरांनी हे समजायला जड जाऊ नये. आपल्या केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्यांवर नकाशात दुसराच रंग भरला गेला तेव्हा आपल्याला कसे वाटले होते? हरित वसईच्या आंदोलनात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यामागे आपण रस्त्यावर आलो. या जागेच्या बदल्यात दुसरीकडे बाग करून देतो, असे तेव्हा कोणी म्हटले असते, तर आपण काय उत्तर दिले असते? जे उत्तर नाबोथाने दिले तेच.

आणि हिशेब म्हणूनही हा सौदा कच्चा आहे. एक टन कार्बन डायऑक्साइड साठायला सुमारे साडेपाचशे किलो कोरडे लाकूड तयार व्हावे लागते. दहा रोपांना त्यासाठी कित्येक वर्षे लागतील आणि तोवर ती वणव्यातून, दुष्काळातून, कुऱ्हाडीतून वाचली पाहिजेत. आपण आज सोडलेला कार्बन मात्र शतके टिकणार. झाड मेले की हिशेब पुन्हा उघडतो आणि तेव्हा जाब पाड्याला विचारला जाईल. सुधारित चुलींच्या कार्बन क्रेडिटचा अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या संशोधकांनी अभ्यास केला. २०२४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यांनी तपासलेल्या प्रकल्पांत प्रत्यक्ष बचतीच्या सुमारे नऊ पट क्रेडिट दिली गेली होती. चूल वाईट नव्हती. हिशेब फुगवलेला होता. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या विश्वपत्रात हाच इशारा दिला आहे की, कार्बन क्रेडिटची खरेदी-विक्री हा सट्ट्याचा नवा प्रकार होऊ शकतो आणि काही देशांच्या, काही वर्गांच्या उधळपट्टीला त्यामुळे आधार मिळू शकतो. मूळ रहिवासी जमातींच्या जमिनीत काही करायचे तर त्यांच्याशी आधी बोला, हेही त्याच विश्वपत्रात आहे.

मग झाडे लावूच नयेत का? लावावीत. पण कोणी, कुठे आणि कोणती, हे ज्याचे रान त्याने ठरवावे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाचे उदाहरण घ्या. गोंड आदिवासींचे छोटे गाव. २००९ साली सुमारे १८०० हेक्टर जंगलावर त्या ग्रामसभेला सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क पहिल्यांदा मिळालेल्या गावांपैकी ते एक. तरीही आपला बांबू स्वतः विकण्यासाठी त्यांना आणखी दोन वर्षे झगडावे लागले. २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत वाहतूक परवान्याचे अधिकार ग्रामसभेकडे आले. देवाजी तोफा आणि त्यांच्या गावकऱ्यांनी आधीपासूनच सर्वांच्या संमतीने निर्णय घेण्याची रीत पाळली होती. तिथे जंगल उभे आहे, कारण ते उभे राहण्यात गावाचा जीव आहे. त्यासाठी कोणाचा तीस वर्षांचा करार लागला नाही.

आता माझी विनंती. तीनच गोष्टी मागतो.

पहिली, त्या कंपनीला आपण नम्रपणे कळवू या की, ज्या जमिनीवर आपला हक्क नाही तिच्यावर सही करण्याचा मिशनला अधिकार नाही. हा प्रश्न तिन्ही पाड्यांच्या ग्रामसभेत त्यांच्या बोलीत, सगळ्या अटी वाचून मांडला जावा. ग्रामसभा हो म्हणेल किंवा नाही म्हणेल. आपण दोन्ही ऐकू. मिशनचे उपकार आठवून कोणी हो म्हणू नये, म्हणून त्या दिवशी मी पाड्यावर जाणार नाही.

दुसरी, दहा झाडांचे पैसे तुम्ही द्याच, पण वेगळ्या कामाला. अडकलेल्या दाव्यांची मोजणी, नकाशे, कागदांच्या प्रती, तालुक्याच्या आणि जिल्ह्याच्या फेऱ्या, सुनावणीच्या दिवशी बुडालेली मजुरी. हा खर्च लहान असतो आणि त्यापायीच दावे पडून राहतात. यातून फोटो काढण्यासारखे काही उभे राहणार नाही, हे आधीच सांगतो. एका माणसाच्या हातात एक कागद येईल, एवढेच.

तिसरी, आपल्या घराचा हिशेब आपल्या घरातच करू या. वर्षभराची वीजबिले काढा, युनिटांची बेरीज करा, तिला ०.७ ने गुणा. जो आकडा येईल तो आपला. तो कमी करायचा तर आपल्या छपरावर, आपल्या एसीवर, आपल्या गाडीवर आणि आपल्या चर्चच्या रोषणाईवर काम करावे लागेल. पाड्याच्या डोंगरावर नाही. कबुली दुसऱ्याच्या नावाने देता येत नाही आणि प्रायश्चित्तही दुसऱ्याच्या शेतात करता येत नाही.

वसतिगृहाच्या छपराचे काय, असे तुम्ही विचाराल. छप्पर व्हायला हवे. त्यासाठी मी पुन्हा तुमच्याकडेच येईन, पुढच्या वर्षीही येईन आणि तुम्ही नेहमीसारखी मदत कराल, हे मला ठाऊक आहे. थोडे उशिरा होईल. पण त्याखाली निजणाऱ्या मुलींना मी सांगू शकेन की, हे पत्रे तुमच्या आईबापाच्या जमिनीच्या बदल्यात आलेले नाहीत.

नाबोथाच्या कथेत तो मेल्यावर परमेश्वराने एलियाला पाठवले. एलिया पोचला तेव्हा मळा अहाबच्या ताब्यात गेला होता. आपल्याकडे पत्र अजून टेबलावर आहे आणि त्यावर सही झालेली नाही. आपल्याला वेळ आहे.